पायाला मुंग्या येतात, पण कशाने येतात ते कुणी बघितलंय का?

या वेळचं पत्र बार्शीहून आलंय, एका सुनेचं. नाव देत नाही, पत्र थोडं लहान करून देते:

"ताई, माझे सासरे, आम्ही सगळे आबाच म्हणतो, ६३ वर्षांचे आहेत, एसटीत कंडक्टर होते. दहा-अकरा वर्षं झाली शुगर आहे, मेटफॉर्मिन दोन टाइम चालू आहे, आणि अ‍ॅसिडिटीची गोळी रोज सकाळी, तीपण चार-पाच वर्षं झाली. माळकरी आहेत, अंडंसुद्धा चालत नाही, दारू-तंबाखू काही नाही. आठ-नऊ महिन्यांपासून दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, पाय पांघरुणाबाहेर काढून झोपतात. परवा तर चप्पल पायातून निसटून मागे राहिली आणि हे आठ-दहा पावलं तसेच पुढे गेले. डॉक्टर म्हणाले शुगर आहे, हे चालायचंच. मेडिकलवाल्याने नसांच्या गोळ्या दिल्यात. शेजारचे म्हणतात नस दबली असेल, मालिश करणारा आहे एक. जाऊबाई पुण्यात असतात, त्या म्हणतात जीबीएस तर नाही ना. त्यात महिनाभरापासून माझ्या पण उजव्या हाताला रात्री मुंग्या येतात, मी घरी शिलाईकाम करते. हे घरात एकाचं दुसऱ्याला लागतं का? आषाढीला आबांना पायी पंढरपूरला जायचंय, तेही अनवाणी. काय करू?"

ताई,

आधी त्या चप्पलेबद्दल बोलू. तुम्ही ती गोष्ट जाता जाता लिहिलीय पण पूर्ण पत्रात मला सगळ्यात जास्त काळजी त्याच ओळीने लावली. मी फिजिओथेरपिस्ट आहे, चोवीस वर्षं लोकांचे पाय बघतेय, आणि पेशंट एवढंच म्हणाला की "चप्पल निसटते पण कळत नाही" की मी हातातलं बाकी सगळं बाजूला ठेवते. मुंग्या आणि आग म्हणजे नस दुखावलीय पण अजून बोलतेय. चप्पल गेलेली न कळणं म्हणजे काही नसांनी बोलणं बंद केलंय. मुंग्या झोपू देत नाहीत म्हणून माणूस डॉक्टरकडे जातो, बधिरपणाचा काही त्रासच होत नाही म्हणून तो अंगावर काढला जातो, आणि पायाला जखम होऊन ती चिघळते ती त्या बधिरपणामुळेच.

आता जाऊबाईंची भीती काढून टाकते. २०२५ च्या जानेवारी-फेब्रुवारीत पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, धायरी, नांदेड गाव या पट्ट्यात जीबीएसचे (गुलेन-बारे सिंड्रोम, नसांचा एक आजार) दोनशेच्या वर पेशंट निघाले होते, त्यामुळे पुण्यात राहणाऱ्या माणसाच्या मनात ते नाव येणं साहजिक आहे. पण जीबीएस असा आठ-नऊ महिने रेंगाळत येत नाही. त्यात बहुतेक वेळा आधी जुलाब किंवा ताप-सर्दी होऊन जाते (पुण्यात बऱ्याच जणांच्या बाबतीत दूषित पाण्यातून आलेला कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जंतू सापडला होता), मग आठवडा-पंधरा दिवसांनी शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच नसांवर उलटते आणि पायातली ताकद जायला लागते, पाय, मांड्या, हात, कधी कधी श्वासाचे स्नायूपण, आणि हे सगळं काही दिवसांत, फार तर चार आठवड्यांत. तसं काही कुणाला झालं, म्हणजे काल जिना चढत होता आणि आज उठता येत नाही, तर सरळ मोठ्या हॉस्पिटलला न्यायचं, त्यात एक रात्रसुद्धा घालवायची नाही. आबांचं हे नाही.

मग आबांचं काय? इथे मला त्यांच्या डॉक्टरांशी अर्धं सहमत व्हायचंय आणि अर्ध्यासाठी भांडायचंय.

नसा म्हणजे पाठीच्या कण्यातून निघून हातापायाच्या टोकापर्यंत जाणारे धागे. त्यातला पायाच्या अंगठ्याला जाणारा धागा सगळ्यात लांब, कमरेपासून मोजला तर जवळपास एक मीटर. त्याला जगवणारी पेशी वर मणक्याजवळ बसलेली आणि लागेल तो माल तिथून खालपर्यंत पोचवायचा. आबांना हे एसटीच्या भाषेत लगेच कळेल बघा, डेपोत डिझेल कमी पडलं, गाड्या कमी पडल्या की पहिली बंद कुठली होते? शेवटच्या वाडीची मुक्कामी गाडी. तसंच शरीरात काहीही बिघडलं, शुगर वाढली, जीवनसत्त्व कमी पडलं, विष गेलं, किडनी थकली, की पहिली तक्रार पायाच्या बोटांतून येते, दोन्ही पायांत सारखी, मग मोजा घालतो तशी वर चढत जाते, आणि गुडघ्याच्या आसपास आली की हाताची बोटं सुरू होतात. म्हणून "दोन्ही पायांच्या बोटांना मुंग्या" एवढ्यावरून बिघाड नसांत आहे हे कळतं, पण तो कशाने झाला हे कळत नाही. ते शोधावंच लागतं आणि तेच आबांच्या बाबतीत कुणी शोधलेलं दिसत नाही.

शुगर हे सगळ्यात कॉमन कारण आहे यात वाद नाही. वर्षानुवर्षं वाढलेली साखर नसेच्या धाग्याला आतून इजा करते आणि नसेला रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या पण खराब करते, दोन्हीकडून मार. शुगर असलेल्यांपैकी साधारण निम्म्या लोकांना आयुष्यात कधीतरी हा त्रास होतो, काहींना तर शुगर निघाली त्याच दिवशी पायातली संवेदना कमी झालेली असते कारण शुगर आधीपासून गुपचूप होती. बीपी, वाढलेली चरबी, तंबाखू हे त्यात भर घालतात. तेव्हा डॉक्टरांचा अंदाज चुकीचा नाहीये. माझं भांडण आहे ते "चालायचंच" या शब्दाशी. कारण शुगर असलेल्या माणसाला दुसरं कारण असू शकत नाही असा काही नियम नाही, आणि आबांकडे तर दुसरं कारण असण्याचा सगळा मसाला तयार आहे.

तुमच्याच पत्रातल्या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवते. मेटफॉर्मिन दहा वर्षं, अ‍ॅसिडिटीची गोळी चार-पाच वर्षं, आणि माळकरी. तिन्ही एकाच जागी येऊन मिळतात, बी-१२ जीवनसत्त्वावर. बी-१२ वनस्पतीत नसतंच. शेवग्यात असतं, अळूत असतं, मोड आलेल्या कडधान्यात असतं असे व्हॉट्सअ‍ॅपवर जे फिरतं ना त्यावर विश्वास ठेवू नका. शाकाहारी माणसाला ते मिळतं दूध-दही-ताकातून, आणि तेही जेमतेम, आणि आबांचं दूध म्हणजे चहात पडतं तेवढंच असेल तर बघायलाच नको. त्यात अ‍ॅसिडिटीच्या गोळीने पोटातलं अ‍ॅसिड कमी होतं, ते अ‍ॅसिड लागतं अन्नातलं बी-१२ सुटं करायला. पुढे लहान आतड्याच्या शेवटच्या भागात ते शोषलं जातं, तिथे मेटफॉर्मिन आडवी येते. आणि लिव्हरमध्ये बी-१२ चा साठा काही वर्षं पुरेल एवढा असतो, म्हणून गोळ्या सुरू केल्या आणि लगेच त्रास झाला असं होत नाही, साठा हळूहळू संपतो आणि पाच-सात वर्षांनी पाय बोलायला लागतात, तेव्हा कुणाच्या डोक्यातच येत नाही की याचा त्या जुन्या गोळीशी संबंध असेल. मेटफॉर्मिन वाईट आहे असं मी अजिबात म्हणत नाहीये, चांगलं औषध आहे, कुणी हे वाचून ती बंद करू नका. पण ती वर्षानुवर्षं घेणाऱ्याचं बी-१२ मधून मधून तपासायचं असतं, आणि पायात मुंग्या असतील तर नक्कीच.

हे एवढं जीव तोडून सांगतेय त्याला कारण आहे. माझ्या आईचं हेच झालं. शुगर होती, शाकाहारी होती, पायाला मुंग्या यायच्या, तिच्या डॉक्टरांनीपण शुगरवर टाकलं आणि मीपण मान डोलावली, मी, जी रोज हेच पाय बघत होते. मग ती सकाळी बेसिनपाशी तोंड धुताना डोळे मिटले की एका बाजूला झोक जायला लागली, अंधारात भिंत धरून चालायची, आम्ही म्हटलं वय झालं. दोन वर्षांनी एका दुसऱ्या डॉक्टरांनी बी-१२ करायला सांगितलं, तो आकडा फार खाली आला. तोपर्यंत नसांबरोबर मणक्यातल्या दोरीलाही, म्हणजे मज्जारज्जूला, धक्का बसला होता, बी-१२ कमी पडलं तर तेही होतं. इंजेक्शनं झाली, तोल बराच सुधारला, पण बोटांचा बधिरपणा शेवटपर्यंत राहिला. ती दोन वर्षं मला अजून टोचतात. तपासणी रक्ताची होती, एका सुईची.

म्हणून आबांची पहिली टेस्ट बी-१२. बहुतेक लॅबमध्ये २०० च्या खाली म्हणजे कमतरता धरतात, २०० ते ३०० च्या मधला आकडा संशयाचा, रिपोर्टवर "नॉर्मल" छापलेलं असलं तरी, अशा वेळी होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक अ‍ॅसिड नावाची पुढची टेस्ट करून खात्री करता येते. पण इथे एक अडचण तुमच्या मेडिकलवाल्याने करून ठेवलीय. त्याने दिलेल्या नसांच्या गोळ्यांत जवळजवळ नक्की बी-१२ असणार, त्यामुळे आता रक्तातला आकडा चांगला दिसेल आणि आधी काय होतं ते कळणार नाही. म्हणून त्या स्ट्रिपचा फोटो काढा, कधीपासून घेतात ते लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. आणखी एक, त्या स्ट्रिपवर पायरीडॉक्सिन म्हणजे बी-६ किती मिलिग्रॅम लिहिलंय ते बघा. बी-६ कमी पडलं तर नसा बिघडतात हे खरं, पण जास्त डोसमध्ये महिनोन्‌महिने घेतलं तरी नसा बिघडतात, अगदी अशाच मुंग्या येतात. दोन वेगवेगळ्या डॉक्टरांची दोन पाकिटं आणि मेडिकलवाल्याचं तिसरं, तिन्हीत बी-६, असं मी पाहिलंय, आणि ज्या गोळीने बरं व्हायचं तिनेच मुंग्या वाढत होत्या. नुसतं फॉलिक अ‍ॅसिड किंवा लोहाच्या गोळ्या घेऊन पण समाधान मानू नका, फॉलिक अ‍ॅसिडने रक्त सुधारतं, हिमोग्लोबिन छान दिसतं आणि खाली बी-१२ ची कमतरता नसा पोखरतच राहते.

आणि आबांना एक सांगा, बी-१२ घेतल्याने माळेला काही होत नाही. औषधातलं बी-१२ जंतूंच्या किण्वनातून बनवतात, दही लागतं तशातलीच क्रिया, त्यात मांस-मासळी नसते. फक्त कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं, तर साधी गोळी, जिभेखाली ठेवायची गोळी किंवा इंजेक्शन मागून घ्या. माझ्याकडे येणारे दोन-तीन वारकरी आजोबा या एका शंकेपायी कॅप्सूल खिशात ठेवून फिरत होते, घरच्यांना वाटायचं खातात.

बाकीची कारणं आबांना लागू आहेत का हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण काही प्रश्न तुम्ही घरी विचारू शकता. त्यांना कधी टीबी झाला होता का? टीबीच्या गोळ्यांतली आयसोनियाझिड शरीरातलं बी-६ खाली आणते, म्हणून टीबीच्या कोर्ससोबत बी-६ देतात, बघा एकच जीवनसत्त्व इथे कमी पडून त्रास देतं आणि वर सांगितलं तिथे जास्त होऊन. हट्टी टीबीला वापरतात ती लिनेझोलिड, कॅन्सरची केमो, फिटची फेनिटॉइन, हृदयाची अ‍ॅमिओडॅरोन, जुलाब-अमिबाची मेट्रोनिडाझोल खूप दिवस चालवली तर, ही सगळी नसांना त्रास देऊ शकतात. दारूने तर नसा थेटही जळतात आणि दारू पिणाऱ्याचं जेवण सुटतं म्हणून बी-१ कमी पडतं, पण ते तुमच्याकडे नाही, पुढे जाऊ. एक प्रश्न मात्र नक्की विचारा आणि रागावून विचारू नका नाहीतर खरं सांगणार नाहीत: शुगर उतरवणारं एखादं चूर्ण, कुठल्या वैदूची पुडी, भस्म असं काही चालू आहे का? मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही, पण बिनलेबलच्या पुड्यांमध्ये शिसं, पारा, आर्सेनिक सापडल्याची उदाहरणं बरीच आहेत आणि या तिन्ही धातूंनी नसा जातात. शेतात फवारणी स्वतः करत असतील तर तेही डॉक्टरांना सांगा.

थायरॉइड कमी असणं, किडनी कमी चालणं, रक्तात एखादं नको ते प्रोटीन तयार होणं, एचआयव्ही, सांधेवातासारखे प्रतिकारशक्तीचे आजार, यांच्यासाठी रक्ताच्या टेस्ट आहेत. सांगायचं एवढंच की डॉक्टरांकडे जाताना पुढचं बोलून बघा: तीन महिन्यांची शुगर, सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), आणि वय पन्नाशीच्या पुढे आहे म्हणून प्रोटीन इलेक्ट्रोफोरेसिस (त्या नको त्या प्रोटीनसाठी). नर्व्ह कंडक्शन म्हणून एक तपासणी असते, नसेला हलका करंट देऊन किती वेगाने जातो ते बघतात, ती गरज वाटली तर न्यूरोलॉजिस्ट सांगतील. ती नॉर्मल आली तरी आग होत असेल तर ती आग खोटी ठरवू नका, आग आणि टोचणी नेणारे धागे इतके बारीक असतात की त्या मशिनला दिसत नाहीत.

आता एक कारण ज्याचं नाव कुणी घेत नाही. कुष्ठरोग. घाबरू नका, आबांना तो आहे असं मी म्हणत नाहीये, दोन्ही पायांत सारखं आणि बोटांपासून सुरू झालेलं आहे ते, कुष्ठरोगात बहुतेक वेळा एकेक नस सुटी सुटी धरली जाते. पण आपल्याकडे नसा खराब होण्याची यादी त्याच्याशिवाय पूर्ण होत नाही. आनंदवन आणि तपोवन ज्या राज्यात उभं राहिलं तिथेही लोकांना वाटतं की तो रोग आता गेला. गेला नाही. २००५ च्या शेवटी देशाचं प्रमाण दहा हजारांत एकाच्या खाली आलं म्हणून दूरीकरण झाल्याचं जाहीर झालं, पण जगातले निम्म्याहून जास्त नवे पेशंट अजूनही भारतात सापडतात. तो जंतू हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी १८७३ मध्ये शोधला, तो थंड जागा शोधतो, त्वचा आणि त्वचेजवळून जाणाऱ्या नसा, म्हणून कोपराच्या मागे, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला नस दोरीसारखी जाड लागते. तर आंघोळीनंतर उजेडात आबांची पाठ, दंड, मांड्या बघायला नवऱ्याला सांगा, फिकट किंवा लालसर चट्टा, न खाजणारा, जिथे घाम येत नाही आणि पिसाने स्पर्श केलेला कळत नाही, असा दिसला तर सरकारी दवाखान्यात जा. एमडीटीच्या, म्हणजे कुष्ठरोगावरच्या एकत्र औषधांच्या, गोळ्या फुकट आहेत, सहा महिने किंवा वर्षभराचा कोर्स, आणि औषध सुरू झालं की तो माणूस दुसऱ्याला रोग देत नाही. नसेला इजा व्हायच्या आधी सुरू केलं तर हातपाय शाबूत राहतात. लाजेपायी जे महिने जातात त्यात बोटं वाकडी होतात, हे मी बघितलंय आणि ते बघवत नाही.

मालिशवाला. त्याला नका बोलावू. नस दबते हे खरं आहे, पण दबलेली नस सहसा एकाच बाजूला त्रास देते. कमरेत दबली तर कंबरेपासून एका पायात कळ जाते. गुडघ्याच्या बाहेरच्या हाडाजवळून एक नस अगदी कातडीखालून जाते, तासन्‌तास उकिडवं बसून खुरपणी केली किंवा मांडी घालून रात्रभर भजनाला बसलं तर ती दबते आणि पाऊल लटकं पडतं, चालताना पंजा घासतो. कुल्ल्यावर चुकीच्या जागी सुई दिली तरी मोठी नस दुखावून पाऊल लटकं पडतं, म्हणून बी-१२ चं इंजेक्शन शिकलेल्या हातानेच घ्यायचं. आबांचे दोन्ही पाय सारखेच आहेत, पंजा घासत नाही असं धरून चालते. बधिर पायावर जोरात रगडलं, वर गरम विटेचा किंवा मिठाच्या पुरचुंडीचा शेक दिला तर भाजेल आणि त्यांना कळणार नाही. दुसऱ्या दिवशी पाण्याने भरलेला फोड दिसेल, तेव्हा कळेल. गरम पाण्यात पाय सोडून बसणं पण बंद, पाणी किती गरम आहे ते आबांच्या पायाने नाही, तुमच्या कोपराने बघायचं.

तुमचा हात वेगळा आहे ताई. घरात लागलं वगैरे काही नाही, हे संसर्गाने येत नाही, आणि सुनेला सासऱ्याचं आनुवंशिक यायचा प्रश्नच नाही (काही घराण्यांत नसांचा आजार रक्तातूनच चालत येतो, त्यात लहानपणापासून पोटऱ्या बारीक आणि पाऊल कमानीसारखं असतं, तो निराळा विषय). मुंग्या अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना येतात आणि करंगळी मोकळी आहे का? रात्री जाग येते आणि हात झटकला की बरं वाटतं का? असं असेल तर मनगटात जो बोगद्यासारखा भाग असतो तिथे नस दबतेय, कार्पल टनेल म्हणतात. शिवताना मनगट वाकलेलं, कात्रीची पकड, वर भाकऱ्या थापणं, कपडे पिळणं, सगळं त्याच नसेवर. रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा मेडिकलमध्ये मिळतो, तो सहा आठवडे नेमाने बांधा, शिलाईत दर अर्ध्या तासाने थांबून हात मोकळा करा. आणि टीएसएच आणि शुगर तुमचीपण करून घ्या, थायरॉइड कमी असला, शुगर असली, गरोदरपण असलं तरी मनगटात सूज धरून हेच होतं. करंगळीलाच मुंग्या येत असतील तर मग कोपर बघायला हवं, मशिनच्या टेबलावर कोपर टेकवून बसायची सवय आहे का ते आठवा. अंगठ्याखालचा फुगीर भाग दुसऱ्या हातापेक्षा सपाट दिसायला लागला किंवा सुई हातातून पडायला लागली तर मात्र पट्ट्यावर न थांबता डॉक्टरकडे, तिथे छोटं ऑपरेशन वेळेत झालेलं बरं.

परत आबांकडे. आज रात्री एक साधी गोष्ट करा. त्यांना आडवं झोपवून डोळे मिटायला सांगा. तुमच्या बोटाचं टोक त्यांच्या पायाचा अंगठा, मधलं बोट, करंगळी, अशा दोन्ही पायांच्या सहा बोटांना एकेक करून हलकेच टेकवा, सेकंदभर, दाबायचं नाही, गुदगुल्या नाही, क्रम मागेपुढे करा, आणि कळलं की "हां" म्हणायला सांगा. सहापैकी दोन किंवा जास्त ठिकाणी कळलं नाही तर त्या पायाला आता जखमेचा धोका आहे असं धरायचं. दवाखान्यात हेच नायलॉनच्या जाड धाग्याने आणि थरथरणाऱ्या चिमट्यासारख्या ट्यूनिंग फोर्कने करतात, शुगरच्या पेशंटचं वर्षातून एकदा व्हायलाच हवं. दहा वर्षांत आबांचे मोजे काढून कुणी पाय बघितलेत का हे त्यांना विचाराच.

शुगर खाली आणायची ती डॉक्टर सांगतील त्या बेताने, घाबरून जेवण तोडून एकदम नाही. खूप वाढलेली शुगर एका झटक्यात खाली आणली तर उलट नसांची आग भडकते असंही होतं. रात्रीच्या आगीवर प्रेगाबालिन, ड्युलॉक्सेटिन, अमिट्रिप्टिलिन अशी औषधं आहेत, त्याने झोप लागते आणि झोप लागणं काही लहान गोष्ट नाही, पण त्यांनी वेदना दबते, नस दुरुस्त होत नाही. सुरुवातीला गरगरतं, पहाटे लघवीला उठताना तोल जाऊ शकतो, बाथरूमपर्यंत लाइट चालू ठेवा. नस भरते ती कारण काढून टाकल्यावर आणि फार सावकाश, तुटलेला धागा वाढतो तो दिवसाला साधारण १ मिलिमीटर, तेव्हा बी-१२ सुरू केल्यावर पंधरा दिवसांत फरक नाही म्हणून सोडू नका. कधी कधी तर नस जागी होताना आधी मुंग्या वाढतात. सहा महिने, वर्ष, एवढा धीर धरायचा. सगळं परत येईल असं वचन मी देत नाही, जितक्या लवकर कारण सापडेल तितकं जास्त परत येतं एवढं पक्कं.

आणि वारी. आबांना वारीला जाऊ नका असं मी म्हणणार नाही, चालणं शुगरला चांगलंच आहे आणि त्या माणसाचा जीव त्यात आहे. पण अनवाणी नाही. अजिबात नाही. बधिर पायाला खडा टोचलेला कळत नाही, रुतलेला काटा दिवसभर तसाच राहतो, पावसाने भिजलेली कातडी सोलली जाते आणि संध्याकाळी मुक्कामावर पाय धुताना पाणी लाल दिसतं तेव्हा समजतं. माझी आई शेवटच्या दोन वाऱ्या बूट-मोजे घालून गेली, आधी रडली, मग दिंडीतल्या म्हाताऱ्यांनीच तिला सांगितलं की जा गं तशीच, तेव्हा कुठे ऐकलं. तुम्हीपण दिंडीप्रमुखांशी बोलून ठेवा, घरच्यांचं न ऐकणारा माणूस त्यांचं ऐकतो. एमसीआर म्हणजे मऊ रबराच्या तळव्याची, मागे पट्टा असलेली चप्पल किंवा पुढे रुंद असलेले बूट घ्या, संध्याकाळी घ्या कारण तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात, आणि महिनाभर आधीपासून घरात वापरायला लावा, नवे बूट घालून दिंडीत नाही. मोजे पांढरे सुती, म्हणजे रक्ताचा डाग पडला तर दिसेल. तीन-चार जोड द्या, भिजले की बदलायचे. घालायच्या आधी चप्पल-बूट उलटे करून हात फिरवायचा. कुरूप ब्लेडने कापायचं नाही, त्याच्या चिकटपट्ट्याही लावायच्या नाहीत. रोज रात्री सोबतच्या कुणीतरी मोबाइलच्या टॉर्चने दोन्ही तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. पाऊल सुजलं, लाल आणि गरम लागलं, दुखत नसलं तरी, तिथून पुढे चालायचं नाही, गाडीत बसायचं आणि डॉक्टर गाठायचा, आतलं हाड मोडलेलं असू शकतं आणि त्यांना कळलेलं नसेल.

आषाढीला अजून वेळ आहे. या आठवड्यात रक्ताच्या टेस्ट करून घ्या, गोळ्यांच्या सगळ्या स्ट्रिपा, त्या मेडिकलवाल्याचीसुद्धा, एका पिशवीत घालून डॉक्टरांपुढे ठेवा, आणि बी-१२ चा आकडा आणि आजच्या रात्री सहापैकी किती बोटांना "हां" आलं ते मला कळवा. तुमची करंगळी मोकळी आहे की नाही तेही लिहा.